संध्याकाळी पाचला कामावर आलेला मजूर, आणि इतर प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. नेहमीप्रमाणे नावं दिलेली नाहीत, फक्त वस्तीचा उल्लेख ठेवला आहे. माझी विनंतीही नेहमीचीच: बायबलच्या ज्या वचनाबद्दल प्रश्न आहे तो अख्खा अध्याय, आणि जमल्यास त्याच्या मागचा-पुढचाही, आधी वाचून घ्या. ओळ एकटी उचलली की ती आपल्याला हवं ते बोलायला लागते. इतकी वर्षं शास्त्रवर्ग घेताना हेच पाहत आले आहे.

प्रश्न: मी छोटा ठेकेदार आहे. टाइल्स आणि प्लास्टरची कामं घेतो. रोज सकाळी ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून, माणसं उचलतो. मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर उपदेश केला. धन्याने पहाटे आलेल्याला आणि संध्याकाळी पाचला आलेल्याला सारखीच रोजी दिली. मी असं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक माणूस यायचा नाही, सगळे चारलाच येतील. मग हा दाखला आमच्यासारख्या धंदेवाल्यांसाठी आहे की फक्त ऐकायला? (एक वाचक, जरिपटका)

उत्तर: भाऊ, तुमच्यासाठी आहे. पण दाखला कशावरून निघाला ते आधी पाहू.

१९व्या अध्यायाच्या शेवटी एक श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो. ते पाहून येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही तर सगळं सोडून आपल्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? येशू त्याला मोठं अभिवचन देतो आणि लगेच पुढे म्हणतो की पहिले ते शेवटले होतील आणि शेवटले ते पहिले. त्याला जोडूनच द्राक्षमळ्याची गोष्ट येते. अध्यायांचे आकडे फार नंतर, १३व्या शतकात घातले गेले, आणि नेमका इथे नवा अध्याय सुरू झाल्यामुळे पेत्राचा प्रश्न मागच्या पानावर राहून जातो. म्हणजे ही गोष्ट मजुरीचे दर ठरवायला सांगितलेली नाही. जे आधी आले, ज्यांनी जास्त सोसलं, त्यांच्या मनात जो हिशोब चालू असतो त्याला हे उत्तर आहे.

तरी येशूने त्यासाठी मजुरांचीच गोष्ट निवडली, हेही सोडून देता येत नाही. ऐकणाऱ्यांना ठिय्या माहीत होता. दिनार म्हणजे साध्या मजुराची एका दिवसाची रोजी, घरातल्यांचं त्या दिवसाचं पोट. धनी पहाटे जातो, मग तिसऱ्या तासाला म्हणजे आपल्या नऊ वाजता, मग बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला. त्याच्याकडे कारभारी आहे, आठव्या ओवीत तो येतो, पण माणसं शोधायला पाचही वेळा धनी स्वतः बाजारात गेला आहे. पाच वाजता उभ्या असलेल्यांना तो विचारतो, तुम्ही इथे दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही.

हे उत्तर तुम्ही ठिय्यावर ऐकलं असेल. माझे वडील गवंडी होते, त्यामुळे मी ते लहानपणापासून ऐकलं. सकाळी साडेआठपर्यंत तरणीताठी, ओळखीची, स्वतःची थापी-ओळंबा घेऊन आलेली माणसं उचलली जातात. अकराला जे उरतात त्यांच्याकडे बघा. एखादा म्हातारा, ज्याच्याने आता घमेलं वर चढवणं होत नाही. लेकरू कडेवर घेतलेली बाई. पाय ओढत चालणारा. काल-परवाच गावाहून आलेला, ज्याला कोणी ओळखत नाही. ही माणसं आळशी असती तर उन्हात तासन्‌तास उभी राहिली नसती. आमच्या घरी संध्याकाळी आई चुलीपाशी बसून सायकलीचा कानोसा घ्यायची. सायकल किराण्याच्या दुकानाशी थांबली तर रोजी मिळाली आहे, आणि सरळ दाराशी आली तर नाही. ठेकेदार 'शनिवारी देतो' म्हणाला की चार दिवस दुकानदाराच्या वहीत आमचं नाव वाढत जायचं.

मोशेच्या नियमशास्त्रात यावर स्पष्ट आज्ञा आहे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सांगितलंय की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यात लागलेला असतो. आपला असो की परक्या देशातून आलेला असो, दोघांना हाच नियम. दाखल्यातला धनी 'संध्याकाळ झाली तेव्हा' कारभाऱ्याला बोलावतो, तो ही आज्ञा पाळत असतो. आणि याकोबाच्या पत्राचा ५वा अध्याय म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो ओरडा देवाच्या कानी जातो.

तेव्हा तुमच्या धंद्यापुरतं सांगायचं तर सगळ्यांना सारखी रोजी देण्याआधी बरंच काही करण्यासारखं आहे. रोजी त्याच दिवशी हातात द्या. बोलावून घेतल्यावर पाऊस आला, रेती आली नाही, लाइट गेली, तर तो तोटा मजुराच्या माथी मारू नका. बायकांना त्याच कामाचे पुरुषांइतके पैसे द्या, 'बाईचा रेट वेगळा' हे कुठल्या शास्त्रात आहे? आणि महिन्यातून एखाद्या दिवशी तरी अकरा वाजता ठिय्यावर परत जा, उरलेल्यांतल्या एकाला त्याला झेपेल असं काम द्या आणि त्याचं घर चालेल एवढे पैसे द्या. त्यामुळे सकाळी आठची माणसं यायची थांबणार नाहीत. पहाटेच्या मजुरांना धन्याने ठरलेलं पूर्ण दिलंच होतं, ते लक्षात ठेवा. एकाला उदारपणे देण्यासाठी त्याने दुसऱ्याचं कापलं नाही.

आता दाखल्यातली मला सगळ्यांत बोचणारी गोष्ट. धन्याने कारभाऱ्याला सांगितलं की वाटप शेवटल्यांपासून सुरू कर. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर ते आपला दिनार घेऊन खुशीत घरी गेले असते, कटकटच झाली नसती. त्याने मुद्दाम त्यांना थांबवून पाहायला लावलं. आणि त्यांची तक्रार नीट वाचा. कमी मिळालं असं ते म्हणतच नाहीत. तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलं, असं ते म्हणतात.

हे वाचून मला ठिय्यापेक्षा आपली मंडळी, म्हणजे आपल्या चर्चची माणसं, आठवतात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना बुडून गेले. त्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या कामातून या शहरात जी मंडळी उभी राहिली, तिच्यातली काही घराणी आज चौथ्या-पाचव्या पिढीत आहेत. त्यांनी सोसलं आहे, वाळीत पडले, विहिरी बंद झाल्या, नातेवाइकांनी दार लावून घेतलं. ते खरं आहे आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण दोन वर्षांपूर्वी खेड्यातून आलेलं एखादं कुटुंब चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलं की 'आम्ही मिशनच्या काळापासूनचे' हे वाक्य हमखास ऐकू येतं. पंचकमिटीच्या निवडणुकीत ऐकू येतं, लग्न जुळवताना तर येतंच. गवंड्याची मुलगी म्हणून मी मागच्या बाकावरून ते पुष्कळ ऐकलं आहे. प्रभूच्या मेजावर, म्हणजे प्रभुभोजनात, भाकर मोडली जाते तेव्हा पहाटेचा आणि पाच वाजताचा यांना एकाच ताटातला तुकडा मिळतो. तो ज्याला सलतो त्याला धनी 'मित्रा' म्हणून हाक मारतो आणि विचारतो, मी चांगला आहे हे तुला खुपतं का? मित्राने काय उत्तर दिलं ते मत्तयाने लिहिलेलं नाही.

प्रश्न: मुलाने दोन वर्षं 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी केली. कोचिंगची फी भरायला गळ्यातलं गहाण ठेवलं. प्रार्थनासभेत आम्हाला यिर्मया २९:११ हे वचन मिळालं, 'माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत'. ते फ्रेम करून त्याच्या टेबलासमोर लावलं. या वर्षीही नंबर लागला नाही. त्याने काही न बोलता फ्रेम उतरवून कपाटावर पालथी ठेवली. मला खरं सांगा, देवाने शब्द मोडला का? (एक आई, मानेवाडा)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी बरेच दिवस जवळ ठेवलं. त्या मुलाला रागावू नका, फ्रेमही एवढ्यात परत लावू नका. आधी दोघं मिळून यिर्मयाचे २८ आणि २९ हे दोन अध्याय वाचा.

२९वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून राजाला, राजमातेला, कारागिरांना, लोहारांना धरून नेलं. यिर्मया संदेष्टा मागे यरुशलेमेतच होता. तिथून त्याने या धरून नेलेल्या लोकांना हे पत्र धाडलं. ते सगळे एकच गोष्ट ऐकायला टपले होते: घरी कधी जाणार? आणि हवं ते सांगणारा माणूसही होता. २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू तो काढून मोडून टाकतो. गंमत म्हणजे यिर्मया आधी त्याला 'आमेन' म्हणतो, परमेश्वर असंच करो म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं. पण देवाने त्याला दिलेला शब्द वेगळा होता: सत्तर वर्षं.

तुमच्या फ्रेममधली ११वी ओवी आहे, सत्तर वर्षांचा उल्लेख तिच्या अगदी वर, १०व्या ओवीत आहे. वीस वर्षांचा जो तरुण हे पत्र ऐकत असेल तो परत जायच्या वेळी नव्वदीचा झाला असता. म्हणजे हे वचन ऐकणाऱ्या बहुतेकांनी त्याची पूर्तता डोळ्यांनी पाहिली नाही. आणि तरी ते खोटं नव्हतं. ते एका अख्ख्या लोकसमूहाला दिलं होतं, लेकरां-नातवंडांपर्यंत पोचणारं. एका मुलाच्या एका वर्षाच्या निकालाची हमी त्यात नाही. तुम्हाला ते हमी म्हणून देणाऱ्यांनी प्रेमानेच दिलं असेल, पण हनन्या जे बोलला तेच आपण यिर्मयाच्या तोंडी घातलं, असं मला वाटतं.

आता ओवी ५ ते ७ वाचा, कारण त्या तुमच्या घरासाठी आहेत. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा. ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलं त्याचं हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याची कलमं लावणाऱ्याला विचारा, फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. उद्या निघायचंच आहे असं मानणारा माणूस बाग लावत नाही. देव त्यांना सांगत होता की जे तुम्हाला नको होतं, त्याच गावात तुमचं आयुष्य सुरू होऊ शकतं. तुमच्या मुलाला नको असलेलं गाव म्हणजे कदाचित बीएस्सी असेल, नर्सिंग असेल, फार्मसी असेल. किंवा विचार करून, कर्ज न वाढवता, परीक्षेचा अजून एक प्रयत्न असेल. ते तुम्ही तिघांनी बसून ठरवायचं आहे. त्यासाठी चिठ्ठी काढल्यासारखं बायबल उघडू नका.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. 'देवाने फसवलं का' हा प्रश्न विचारायला तुम्ही घाबरत लिहिलंय. याच पुस्तकात २०व्या अध्यायाची ७वी ओवी काढा. परमेश्वरा, तू मला फसवलंस, असं खुद्द यिर्मया म्हणतो. ज्याच्या लेखणीतून तुमची फ्रेम आली, त्यानेच. ते वाक्य शास्त्रातून कोणी वगळलं नाही. मुलाला ही ओवी दाखवा. तो गप्प आहे याची मला रागापेक्षा जास्त काळजी वाटते. जेवण-झोप तुटली असेल, जगण्याविषयी निराशेचं बोलत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही लगेच न्या, थांबू नका.

प्रश्न: लग्न होऊन मला वर्ष झालं. शेजारच्या काकूंकडे महालक्ष्म्या बसतात, जेवणाचं आमंत्रण आलंय. काकूंनी माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र जागरण केलंय. सासूबाई म्हणतात, मूर्तीला दाखवलेलं खायचं नाही, जाऊच नको. नवरा म्हणतो, अन्न ते अन्न. बायबल काय म्हणतं? (नंदनवनहून)

उत्तर: बेटा, नागपुरात हा प्रश्न दर भाद्रपदात येतो, आणि जुन्या ग्रीसमधल्या करिंथ शहरात तो बाराही महिने होता. येशूचा प्रेषित पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता, त्याला तिथले बाजार आणि जेवणावळी माहीत होत्या. १ करिंथकरांस पत्राचे ८ ते १० हे तीन अध्याय त्याने जवळजवळ याच प्रश्नासाठी लिहिले.

तो दोन ठिकाणं वेगळी करतो. उपासनेत भागीदार होणं एक, आणि कोणाच्या घरी पाहुणा म्हणून जेवणं दुसरं. पहिल्याबद्दल तो कडक आहे, प्रभूचं मेज आणि दुसरं मेज दोन्ही घेता येत नाहीत असं १०:२१ मध्ये म्हणतो. दुसऱ्याबद्दल, १०:२७ मध्ये, कोणी बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर वाढतील ते खा, चौकशी करत बसू नका. पण पुढच्याच ओवीत, हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका.

म्हणून माझं मत असं. काकूंकडे जाच. आदल्या दिवशी सोळा भाज्या निवडायला, पुरण वाटायला हात लावायला जा, त्यांची कंबर दुखत असेल. पूजा-आरतीच्या वेळी बाजूला राहा. आणि नैवेद्याबद्दल त्यांना आधीच, घरात दोघीच असताना, सरळ सांगा की काकू, आमच्याकडे असं असतं. मी नागपूरच्या बायकांना ओळखते, 'अगं, मग तुझी आंबील आणि कढी मी आधीच काढून ठेवते' असंच त्या म्हणतील. पंगतीत ऐनवेळी ताट सरकवण्यात अपमान आहे, आधी मोकळेपणाने सांगण्यात नाही.

राहिल्या सासूबाई. नवऱ्याचं 'अन्न ते अन्न' हे पौलालाही अर्धं मान्य होतं, ८:४ मध्ये तो म्हणतो की मूर्ती काहीच नाही. पण त्याच अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, माझ्या खाण्याने माझ्या भावाचं मन अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. ज्याला ज्ञान आहे त्याने गप्प राहून दुसऱ्याचं मन सांभाळायचं, अशी त्याची मांडणी आहे. सासूबाईंनी हा नियम कदाचित मोठी किंमत देऊन पाळला असेल, त्यांच्या आईने तर नक्कीच. नवऱ्याला सांगा, वादात त्यांना हरवू नकोस. त्यांना बरोबर घेऊन काकूंकडे चहाला जा, सणाच्या दुसऱ्या दिवशी का होईना. आणि नाताळच्या करंज्या-अनारसे करायला काकूंना बोलवा. अनारसे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले जमत असतील.

प्रश्न: पत्नी जाऊन पाच महिने झाले. मंडळीतले लोक भेटायला येतात आणि 'सर्वदा आनंद करा' हे वचन देऊन जातात. ती प्रभूजवळ आहे यावर माझा विश्वास आहे. पण मला आनंद होत नाही. प्रार्थनेला बसलो तर शब्द फुटत नाहीत. माझा विश्वास कमी पडतो आहे का? (सदर)

उत्तर: दादा, नाही.

स्तोत्र ८८ काढा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी येतं. हे वळत नाही. सुरुवातीला 'माझ्या तारणाऱ्या देवा' एवढी हाक आहे, आणि शेवटी मित्र आणि आप्त दुरावले, ओळखीचा उरला तो अंधार. तिथे ते संपतं. हे स्तोत्र कोरहाच्या पुत्रांचं म्हणून नोंदलेलं आहे, म्हणजे मंदिरात गाणाऱ्यांचं. उपासनेत म्हणायला ठेवलेलं. ज्यांना स्वतःचे शब्द फुटत नाहीत त्यांनी हे म्हणायचं, त्याच्यावर एक शब्दही चढवायचा नाही, आणि ती पूर्ण प्रार्थना होते.

बेथानीला येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू चार दिवसांनी पोचला. तो लाजराला उठवणार हे त्याला माहीत होतं, लाजराच्या बहिणीला, मार्थेला, त्याने तसं सांगितलंही होतं. तरी दुसऱ्या बहिणीला, मरियेला, आणि तिच्याबरोबरच्यांना रडताना पाहून तो रडला. पुनरुत्थानाची खात्री आणि डोळ्यांतलं पाणी त्याच्या ठायी एकाच वेळी होतं. मग तुमच्यात का असू नये? ती प्रभूजवळ आहे हे खरंच आहे. सकाळी चहाचे दोन कप काढायची सवय हाताला आहे, हेही खरंच आहे.

आणि जे भेटायला जातात त्यांना माझी हात जोडून विनंती. 'सर्वदा आनंद करा' हे पौलाने फिलिप्पैकरांना स्वतः बंदिवासात असताना लिहिलं. त्याने स्वतःच्या बेड्यांविषयी जे म्हटलं ते आपण दुसऱ्याच्या दुःखावर ठोकू नये. रोमकरांस पत्रात त्यानेच म्हटलंय, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही. तेवढं त्यांनी बरोबर केलं. बोलायला लागले आणि बिघडलं, शेवटी देवालाच त्यांच्यावर रागवावं लागलं. तेव्हा जाताना वचनाचं कार्ड नेऊ नका. वांग्याची भाजी आणि भाकर न्या, ताट वाढा, तासभर बसा. वहिनींची आठवण निघाली तर विषय बदलू नका, त्यांचं नाव घ्या. पाच महिन्यांनंतर नाव घेणारे कमी होतात, आणि दादांना नेमकं तेच हवं असतं.

तुम्हाला एकच सांगते दादा. रविवारी उपासनेला या. गायलं नाही तरी चालेल. ज्या कडव्याला तुमचा गळा दाटेल ते बाजूचे म्हणतील.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही. हिस्लॉप कॉलेजात शिकतो. बायबल वाचायचंय, पण पहिल्या पानापासून सुरू केलं की वंशावळी आणि यज्ञांच्या नियमांत अडकतो. कुठून सुरू करू? (धरमपेठ)

उत्तर: मार्कापासून. चार शुभवर्तमानांतलं सगळ्यांत छोटं, १६ अध्याय, एका दुपारी सलग वाचून होतं. त्यात जन्मकथा नाही, वंशावळ नाही. पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा, कोळी, अशुद्ध आत्मा लागलेला माणूस, तापाने फणफणलेली पेत्राची सासू, कुष्ठरोगी, सगळे धावत येतात. मोठ्याने वाचा, ते ऐकण्यासाठी लिहिलेलं आहे. १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीशी थोडं थांबा, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पुस्तक तिथेच संपतं, बाया घाबरून कबरेपासून पळत सुटल्या आहेत. ते असं का संपत असेल याचा स्वतः विचार करा, लगेच कोणाला विचारू नका. मग लूक घ्या, त्यानंतर मागे जाऊन उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय. यज्ञांचे नियम लेवीयात आहेत, ते इब्री लोकांस पत्र वाचायची वेळ येईल तेव्हा शेजारी ठेवून वाचा, तेव्हा त्यांचा उपयोग कळेल. वाचताना पेन्सिल हाताशी असू द्या आणि जिथे पटत नाही तिथे समासात खूण करा. त्या खुणांची यादी मला पाठवलीत तर पुढच्या अंकात त्यांच्यापासूनच सुरुवात करू.